सत्तर टक्क्यांचा पराभव
गर्दीचं गणित : भाग ५

शंभरातले सत्तर जण बदलाच्या बाजूने आहेत. त्यांना विरोधकांसोबत मनसोक्त चर्चा करू दिली, तर निकाल काय लागेल? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सर्ज गालाम यांनी २००२ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये बदल हरतो. निसटता नव्हे, साफ.

संगणकातल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून चार-चारचे गट पाडायचे. गटात ज्या बाजूचे जास्त, तिकडे चौघेही वळतात. मग गट मोडायचे, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा चर्चा. खरी मेख आहे ती दोन विरुद्ध दोन अशा बरोबरीत. अशा वेळी चौघेही ‘आहे ते बरं आहे’ म्हणतात. (सोसायटीच्या सभेला बसलेल्यांना हा सूर नवा नाही.)

पहिल्या फेरीनंतर सत्तरचे ६५ होतात. मग ५७, मग ४२, मग २०. पाचव्या फेरीअखेर तीनसुद्धा उरत नाहीत! बदलाला तगायचं असेल तर सुरुवातीलाच सुमारे ७७ टक्के पाठिंबा हवा. विरोधकांचं मात्र २३ टक्क्यांच्या थोडं वर असलं की भागतं. इथे कुणी खोटं बोललेलं नाही, कुणाचा युक्तिवाद सरस नाही. दोन्हीकडचे लोक बहुमतापुढे सारखेच झुकतात. फक्त शंकेचा फायदा दर वेळी एकाच पारड्यात पडतो.

फ्रान्समध्ये याचा पडताळा आल्यासारखं झालं. युरोपीय राज्यघटनेच्या करारावर तिथे २९ मे २००५ रोजी सार्वमत झालं. २००४ च्या अखेरीस पाहण्यांमध्ये ‘हो’ची आघाडी भक्कम होती. मार्चमध्ये चित्र फिरलं आणि प्रत्यक्षात जवळपास ५५ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. चर्चा जितकी रंगेल तितका ‘नाही’ वाढेल, हा गालाम यांचा होरा होता. तरी सगळं श्रेय या मॉडेलला देणं भाबडेपणाचं ठरेल. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्यावरची नाराजी होती, बेरोजगारी होती, स्वस्त परदेशी कामगार येतील ही भीतीही होती.

गट तिघांचे केले तर बरोबरीच संपते आणि सीमारेषा ५० टक्क्यांवर येते. पण मग दुसरीच अडचण उभी राहते: हेकट माणसं. काहीही झालं तरी मत न बदलणारे लोक एकाच बाजूला १७ टक्क्यांहून थोडे जास्त असले आणि समोर तसं कुणीच नसलं, की हळूहळू सगळी वस्ती त्यांच्याकडे सरकते. आरंभीचं बहुमत कितीही मोठं असलं तरी!

या साऱ्यात एक गृहीतक मात्र पचायला जड आहे. खरी माणसं चिठ्ठ्या टाकून बोलायला बसत नाहीत. रोज त्याच शेजाऱ्यांशी, त्याच कट्ट्यावर बोलतात. संगणकातल्या माणसांनाही असं शेजाऱ्यांशी बांधून ठेवलं, तर दोन्ही मतांची बेटं दीर्घकाळ टिकू शकतात. त्या बेटांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.