घोड्याचं पोट, मालकाचा खिसा

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. आजचा दौंड-बारामतीचा भाग इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. इथली बुटकी, काटक तट्टं मराठी फौजेबरोबर पार उत्तरेपर्यंत गेली. पुढं फौजा गेल्या, पागाही गेल्या. घोडं मात्र राहिलं. मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराचा संसार आजही त्याच्या पाठीवर असतो. शिरूरकडच्या गाडा शर्यतीत बैलांपुढं घोडी पळते. लग्नसराईत नवरदेव तिच्यावरच मिरवतो. हे घोडेवाले काही सरदार नव्हेत. चाऱ्यात चूक झाली तर त्यांचे पैसे जातात आणि कधी कधी घोडंही जातं.

मुळात घोडा रवंथ करीत नाही. त्याचं जठर लहान असतं आणि गवत जिरतं ते मागच्या मोठ्या आतड्यात. शिवाय त्याला ओकता येत नाही. बुरसा आलेली वैरण बैल एखादे वेळी पचवील, पण घोड्याला त्यातून पोटशूळ उठतो. पोटशुळानं रात्रीतून घोडं दगावतं. म्हणून ‘गुरांना चालतं ते घोड्याला चालेल’ हा हिशेब महागात पडतो.

चारा किती लागतो? वजनाच्या शेकडा दोन हिस्से कोरडी वैरण, असा ढोबळ नियम आहे. अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच किलो, म्हणजे वर्षाला सुमारे अठरा क्विंटल. हा आकडा डोक्यात ठेवूनच बाजारात जावं.

डोंगरी गवतात मारवेल, पवन्या चांगलं. ते फुलोऱ्यात कापून वाळवलेलं असावं. उशिरा कापलेल्या कुसळी गवताची कुसळं हिरड्यांत रुततात. रंग हिरवट, पानं शाबूत, वास गोडसर असेल तर गवत घ्यावं. पेंढी झटकल्यावर धूर उडाल्यासारखी भुकटी उडाली, तर फुकट मिळालं तरी नको.

आपल्याकडं स्वस्त म्हणजे शाळूचा कडबा. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघते, तेव्हाच तो भरावा. पावसाळ्याच्या तोंडाशी भाव चढतात. कडबा शेकड्यावर विकतात, तरी दहा पेंढ्या काट्यावर टाकून पाहाव्यात. समजा, एका गंजीतली पेंढी दीड किलोची आणि दुसरीतली किलोची, भाव मात्र सारखाच. म्हणजे शंभर पेंढ्यांत पन्नास किलोंचा फरक, तट्टाची दहा दिवसांची वैरण! गंजी दगड-लाकडाच्या थरावर रचावी आणि पावसाआधी झाकावी. पाण्याचा ताण बसलेली कोवळी हिरवी ज्वारी घोड्यापुढं टाकू नये, ती विषारी असते.

गाळपाच्या दिवसांत उसाचं वाढं मुबलक मिळतं. एखाद्या वेळी चालतं, पण त्यावरच घोडा ठेवू नये. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळं चाऱ्यातला चुना अंगी लागत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. सोबतीला थोडा लसूणघास दिला तर चुना मिळतो.

देण्याचीही रीत आहे. घोडा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी. त्याची वैरण तीन-चार वेळा विभागून द्यावी, मोठा वाटा रात्री. जमिनीवर टाकली तर बरीच तुडवली जाते, म्हणून गव्हाण हवी. धूळ असेल तर पाण्याचा हबका मारावा. नवी वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी. पाणी सदोदित पुढं असावं आणि मिठाचा खडा चाटायला ठेवावा.

मराठीत निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो. पुष्कळ घोड्यांच्या पोटात ती चालते. निकस वैरण खाऊन घोडं उतरलं की मालक तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी वाढवतो. चंदी महाग, आणि जास्त झाली की तिनंही पोट बिघडतं. ती राबणाऱ्या घोड्यासाठी आहे. बसून असलेल्याला चांगली वैरण पुरते. काटकसर करायची तर चंदीत करावी, वैरणीत नको.