धरमतरच्या तिसऱ्या कोण मोजणार?

पेणकडच्या धरमतर खाडीत तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं वेचणाऱ्या बायका तिथी बघून उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी लांबवर हटतं, अष्टमीच्या भांगाला चिखल फारसा उघडा पडत नाही. चिखलावरच्या बारीक भोकांवरून खाली शिंपला आहे का, हे त्या ओळखतात. संशोधक चौरस मीटरची चौकट टाकून शिंपले मोजतात, व्हर्नियरने लांबी घेतात.

या दोन नजरा एकत्र येऊ शकतात: केरळच्या अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांसाठी मच्छीमार आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे (सीएमएफआरआय) शास्त्रज्ञ एकत्र आले. डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद असते. २०१४ मध्ये तिथल्या शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचं एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच!

तिसरी पाणी गाळून खाते, त्यामुळे सांडपाण्यातले जड धातूही तिच्या अंगात साठतात. म्हणून धरमतर आणि रोह्याच्या कुंडलिका खाडीत दोघांनी मिळून अशी मोजणी करावी, धातूही तपासावेत, आणि चौकट कुठे टाकायची ते या बायकांनीच ठरवावं.