वर्गांतील मौन

आपल्या घरांतून आईस ‘तूं’ म्हणतात आणि वडिलांस ‘तुम्ही’. त्यामुळें आईचा मान उणा होतो असें कोणास वाटत नाहीं. परंतु हाच व्यवहार उंबरठा ओलांडून महाविद्यालयाच्या वर्गांत गेला कीं कसे घोटाळे होतात, हें नगर जिल्ह्यांत अध्यापन करीत असतां मीं पुष्कळदां पाहिलें.

१९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज काढलें. १९६८ सालीं राहुरीचें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. अकोले तालुक्याच्या डोंगरांतील महादेव कोळ्यांचा मुलगा, पाथर्डीकडील ऊसतोड मजुराची मुलगी आणि परप्रांतीय विद्यार्थी हळूहळू एका वर्गांत बसूं लागले. मराठी मुलगा उत्तरेकडील माणसास हिंदींत मोठ्या आदरानें ‘तुम’ म्हणतो. त्याच्या मनांत असतें ‘तुम्ही’. ऐकणाऱ्यास मात्र तो उद्धटपणा वाटतो, कारण तिकडे मान ‘आप’मध्यें आहे. आपलें चुकलें काय, हेंच बिचाऱ्यास उमगत नाहीं!

शब्दाचा गैरसमज निदान कोणी बोलून दाखवितो आणि तो मिटतो. मौनाचा तसाच राहतो. एकदां तोंडी परीक्षेंत अकोले तालुक्यांतील एक विद्यार्थी माझ्यापुढें खालीं मान घालून उभा राहिला. मीं त्यास अगदीं थोडे गुण दिले. पुढें लेखी उत्तरपत्रिका पाहिली, तों भाताच्या गांवठी वाणांविषयीं त्यानें लिहिलेलें कांहीं मलाही ठाऊक नव्हतें. बोलावून विचारलें, “येत होतें, तर बोललास कां नाहींस?”

“सर, काळभाताचा तांदूळ काळा, असें तुम्ही प्रश्नांतच म्हणालां. आमच्याकडे तूस काळें, तांदूळ पांढरा. वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं?”

तोंडी परीक्षेचे गुण तोंवर पुढें गेले होते. ते फिरविण्याची सोय नव्हती. आपल्या एकत्र कुटुंबांतही सासऱ्यांसमोर सून गप्प असे; तीस कांहीं कळत नाहीं असें समजणाराच बहुधा फसे. हें घरीं जाणणारा मी वर्गांत कसा विसरलों, कोण जाणे. त्याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां गांवठी बियाणें जपलें आणि २०२० सालची पद्मश्री मिळविली. त्यांसही मीं तोंडी परीक्षेंत नापासच केलें असतें!

त्यानंतर मीं प्रश्न बदलला. “तुमच्या गांवीं हें कसें करतात?” असें विचारून मी थांबत असें. पहिल्या दिवशीं बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मागच्या बांकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, तूं आधीं बस, मग सांगते.” वर्ग हंसला, मी बसलों.