फौजदारी अपील तांत्रिक कारणास्तव फेटाळणे

फौजदारी अपील तांत्रिक कारणास्तव फेटाळणे म्हणजे शिक्षा झालेल्या व्यक्तीचे अपील, पुराव्याचा व गुणदोषांचा विचार न करता, मुदत उलटली किंवा सुनावणीस कोणी हजर नव्हते अशा कारणावरून निकाली काढणे होय. दिवाणी अपील गैरहजेरीमुळे काढून टाकले गेले, तरी सबळ कारण दाखवून ते पुन्हा दाखल करून घेता येते. फौजदारी प्रक्रियेत तशी सोय नाही. स्वाक्षरी झालेला अंतिम निकाल, लेखनातील वा आकडेमोडीतील चूक वगळता, न्यायालयाला बदलता येत नाही. त्यामुळे वकील एक दिवस गैरहजर राहिल्याची किंमत अशिलाला तुरुंगात मोजावी लागण्याचा धोका असतो.

गैरहजेरी

या प्रश्नावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. श्यामदेव पांडे खटल्यात (१९७१) अभिलेख पाहिल्याशिवाय अपील फेटाळू नये, असे ठरले. रामनरेश यादव खटल्यात (१९८७) मात्र शिस्तीसाठी तसे करता येईल, असे म्हटले गेले. अखेर बानी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९८७ची भूमिका चुकीची ठरवली. त्यानुसार दोघेही गैरहजर असले तरी न्यायालयाने अभिलेख व खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून गुणदोषांवरच निर्णय द्यावा. सुनावणी तहकूब करण्याचे बंधन नाही. परंतु अपीलकर्ता तुरुंगात असून त्याचा वकील आला नाही, तर तहकुबी देणे किंवा सरकारी खर्चाने वकील नेमणे उचित ठरते.

प्रथमदर्शनीच निराधार वाटणारे अपील संक्षेपाने फेटाळण्याचा अधिकार ही वेगळी बाब आहे. ती तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

मुदत

मुदत अधिनियम, १९६३ नुसार शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत, तर फाशीच्या शिक्षेविरुद्ध व इतर न्यायालयांत ३० दिवसांत अपील करावे लागते. निकालाची प्रत मिळण्यास लागलेला आवश्यक काळ यातून वगळला जातो. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होतो.

प्रतीचे महत्त्व होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात दिसून आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालाविरुद्धची याचिका चार वर्षांहून अधिक उशिराने आली. प्रत दिली होती, असे येरवडा कारागृहाचे म्हणणे होते. कैदी ते नाकारत होता आणि लेखी पोच नव्हती. न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने द्यावी, त्याची लेखी पोच घ्यावी आणि गरजू कैद्याला मोफत वकील द्यावा, असे बजावले. याचिका मात्र फेटाळली गेली. तोवर अर्जदाराने शिक्षा भोगूनही झाली होती.