डोळा, आरसा आणि परतीचा प्रकाश

माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी दिसते. बुबुळ तपकिरी असो, घारं असो की निळं, मधलं छिद्र काळंच. खरं तर त्या छिद्रातून दिवसभर उजेड आत जात असतो आणि आतलं दृष्टिपटल लालसर केशरी असतं. मग बाहेरून ते दिसत का नाही? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ कोणत्याही वैद्याला नीट पाहता आलेला नव्हता. डोळ्याच्या आतले आजार अंदाजाने ओळखायचे, अशीच रीत होती.

कोडं सुटलं ते १८५० साली, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये. हर्मन हेल्महोल्ट्झ हा २९ वर्षांचा प्राध्यापक तिथे शरीरक्रियाशास्त्र शिकवत होता. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर पडतो, म्हणजे दिव्याकडेच परत जातो, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगताना त्याच्या लक्षात आलं की तळ पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्याच जागी असायला हवा. पण तिथे डोकं नेलं की दिव्याचा उजेड अडतो. त्याने दिवा बाजूला ठेवला आणि काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरल्या. काचेवरून परावर्तित झालेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात गेला, परत आला, आणि त्यातला काही भाग काचेतून आरपार हेल्महोल्ट्झच्या डोळ्यात शिरला. रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला डोळ्याचा तळ दिसला. पुढच्याच वर्षी त्याने या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली. १८५२ मध्ये थिओडोर र्‍युटे याने काचेच्या पट्ट्यांऐवजी मध्ये भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरला. आज मधुमेही माणसाच्या डोळ्याचा पडदा तपासताना डॉक्टर जे करतात, त्याचं मूळ या युक्तीत आहे. डोळ्याच्या आत पाहायला माणसाला आरसाच लागला.

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात तेही याच कारणाने. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचं भिंग अगदी जवळजवळ असतात, त्यामुळे परतीचा प्रकाश थेट भिंगात शिरतो. रात्री गाडीच्या दिव्यात बिबट्याचे, गाईचे किंवा मांजराचे डोळे चमकतात, त्याला आणखी एक कारण आहे. त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक चकचकीत थर असतो. पहिल्या फेरीत हुकलेला प्रकाश तिथून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. माणसाकडे हा थर नाही. स्कॅलप नावाचा समुद्री शिंपला तर आणखी पुढे गेलेला आहे. त्याच्या कवचाच्या कडेला शंभराहून जास्त चिमुकले डोळे असू शकतात आणि त्या प्रत्येकात प्रतिमा तयार करण्याचं मुख्य काम भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा करतो. १९६५ मध्ये मायकेल लँड या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं.

प्रकाश डोळ्यात येतो हे आज शाळकरी मुलांनाही माहीत असतं, पण माणसाला ते कळायला फार काळ लागला. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते दृष्टीचे किरण डोळ्यातून बाहेर पडत आणि वस्तूला जाऊन भिडत. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक दर्शनांनीही डोळा तेजोमय मानला आणि त्याचे किरण वस्तूपर्यंत पोचतात असं सांगितलं. बौद्ध तत्त्वज्ञांनी त्याला विरोध केला आणि हा वाद शतकानुशतकं चालला. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथम याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक मुद्दा आजही थक्क करतो. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येऊन डोळ्यावर परिणाम करतंय. एवढ्या साध्या निरीक्षणाला त्याने भूमितीची जोड दिली.

तरीही आत आलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं, हे गूढच राहिलं. १६०४ मध्ये योहानेस केप्लरने गणिताने दाखवलं की प्रतिमा दृष्टिपटलावर पडते, आणि ती उलटी पडते. काही वर्षांनी क्रिस्टोफ शायनर याने बैलाच्या डोळ्याचा मागचा भाग तासून तिथे उमटलेली उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. जग उलटं उमटतं आणि आपल्याला सुलटं दिसतं, याचं श्रेय मेंदूला आहे. १८९०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन याने सगळं उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर बांधून आठ दिवस काढले. सुरुवातीला चालणंही मुश्कील झालं, पण हळूहळू त्याचे व्यवहार त्या उलट्या जगाशी जुळले.

आता आरशाकडे वळू. सपाट आरशावर किरण ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परततो, एवढाच त्याचा नियम. भिंतीवरही हाच नियम लागू असतो, पण तिचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असल्याने किरण वाटेल त्या दिशेला पांगतात. त्यामुळे भिंत दिसते, भिंतीत आपण दिसत नाही. या साध्या नियमातून कितीतरी गमतीचे निष्कर्ष निघतात. स्वतःला नखशिखान्त पाहायला आपल्या उंचीच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ८० सेंटिमीटरचा, फक्त तो योग्य उंचीवर टांगायला हवा. मागे सरकलं तर जास्त दिसेल असं बहुतेकांना वाटतं, पण सरळ उभ्या आरशात मागे जाऊन काहीच फरक पडत नाही.

आरसा डावं-उजवं बदलतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. आरशासमोर उभं राहून उजवा हात हलवा. आरशातला जो हात हलतो तो उजव्या बाजूलाच असतो. डोकं वर असतं, पाय खाली असतात. आरसा उलटवतो ते फक्त पुढचं आणि मागचं. आपण मात्र मनातल्या मनात त्या प्रतिमेला वळलेला माणूस समजतो आणि तिचा हात डावा ठरवतो. रुग्णवाहिकेच्या पुढच्या भागावर अक्षरं उलटी लिहितात ती पुढच्या गाडीतल्या चालकाला आपल्या आरशात सरळ वाचता यावीत म्हणून. घाटातल्या आंधळ्या वळणांवर लावलेले बहिर्वक्र आरसे कमी जागेत मोठा टापू दाखवतात. पण त्यात समोरची गाडी लहान, म्हणून दूर भासते. गाडीच्या बाजूच्या बहिर्वक्र आरशाचंही तसंच आहे आणि चालकाने हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

माणसाने हातात धरलेले सर्वांत जुने ज्ञात आरसे तुर्कस्तानातल्या चाताल्हयुकमध्ये सापडले. घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या ज्वालामुखी काचेचे ते आरसे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे तांबं आणि कांशाचे आरसे आले. ही धातूच्या आरशांची परंपरा केरळमधल्या अरन्मुळा गावात अजून जिवंत आहे. तिथली मोजकी घराणी तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा ओततात आणि दिवसेंदिवस घासून त्याला झळाळी आणतात. त्या मिश्रणाचं नेमकं प्रमाण घराण्याबाहेर जात नाही. या आरशाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घरातल्या काचेच्या आरशाला बोट टेकवलं तर बोट आणि प्रतिमा यांच्यात फट दिसते, कारण परावर्तन काचेच्या मागच्या थरावरून होतं. अरन्मुळाच्या आरशात ही फट नाही. वाचकांनी हा फरक एकदा स्वतः पाहावाच.

काचेच्या आरशाचा इतिहास तितकासा निर्मळ नाही. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेमागे कथलाचा पत्रा आणि पारा लावत. हीच पद्धत वापरून व्हर्सायच्या राजवाड्यातलं ३५७ आरशांचं दालन १६८४ मध्ये उभं राहिलं. या कामात कारागिरांच्या शरीरात पाऱ्याची वाफ जाई आणि त्यांची शरीरं खंगत. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग याने काचेवर रासायनिक क्रियेने चांदीचा पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली आणि कालांतराने पारा मागे पडला. कारागिरांचं आयुष्य वाचवणारा हा शोध पाठ्यपुस्तकात आरशाच्या आकृतीशेजारी यायला हवा.

चांदी दृश्य प्रकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग परत पाठवते. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग जेमतेम चार टक्के. रात्री एसटीच्या खिडकीत आपला चेहरा दिसतो तो या चार टक्क्यांमुळे. दिवसाही तेवढाच प्रकाश परततो, पण बाहेरच्या उजेडापुढे तो लोपतो.

प्रत्यक्ष डोळा म्हणजे जेमतेम २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा. त्यात प्रकाश वळवण्याचं काम भिंग करतं असा सर्वसाधारण समज असतो. खरं तर डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती सगळ्यात पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची असते. हवेतून पारपटलात शिरताना किरण जोरात वाकतात. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, कारण पाणी आणि पारपटल यांच्यात प्रकाश फारसा वाकतच नाही. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे हवेचा थर परत येतो आणि स्पष्ट दिसतं. आतलं भिंग बारीक जुळवाजुळव करतं. जवळचं पाहताना फुगतं, दूरचं पाहताना चपटं होतं. वयानुसार ते ताठर होत जातं आणि चाळिशीनंतर वाचायचा कागद लांब धरावा लागतो.

बाहुली साधारण दोन ते आठ मिलिमीटर एवढी लहानमोठी होते, म्हणजे आत येणारा प्रकाश ती फक्त सोळापट कमीजास्त करू शकते. दुपारचं ऊन आणि अमावास्येची रात्र यांच्यातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. तो सांभाळतं दृष्टिपटल. त्यावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. शंकूपेशी भर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, दंडपेशी अंधारात काम करतात. त्यांना रंग कळत नाही, पण त्यांची संवेदनशीलता विलक्षण असते. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवलं की दंडपेशींनी पाच ते चौदा फोटॉन शोषले तरी माणसाला उजेडाची जाणीव होते. पूर्ण अंधाराला डोळे सरावायला मात्र अर्धा तास लागतो.

दंडपेशींत जे रसायन प्रकाश झेलतं ते अ जीवनसत्त्वापासून बनतं. फोटॉन आदळला की त्या रेणूचा बाक सरळ होतो, तोही एका सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या भागात. या संशोधनाचा पाया घालणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो आणि दुर्लक्ष झालं तर लहान मुलांचे डोळे कायमचे जातात. म्हणून भारतात १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो.

दृष्टिपटलावर एक जागा पूर्ण आंधळी आहे. जिथून दृष्टिचेता मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके काढा, डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत कागद हळूहळू पुढे-मागे करा. सुमारे तीस सेंटिमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होतो आणि मेंदू ती जागा कोऱ्या कागदाने भरून टाकतो. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात, हेही आकाशदर्शनाची आवड असणाऱ्यांना उपयोगी. मंद वस्तूकडे किंचित तिरकं पाहिलं तर ती उजळ दिसते. दिवाळीच्या दिवसांत चंद्र नसतो आणि देवयानी दीर्घिका संध्याकाळनंतर आकाशात उंच येते. गावाच्या दिव्यांपासून दूर, तिरक्या नजरेने तो पुसटसा पट्टा शोधावा. त्यातून डोळ्यात शिरणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

बाहुलीत मावत नाही तेवढा प्रकाश गोळा करायचा तर मोठा आरसा हवा. न्यूटनने १६६८ मध्ये मिश्रधातूच्या छोट्या आरशाची पहिली परावर्ती दुर्बीण बनवली. पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे, तर तिथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रेडिओलहरींसाठी आरशाचं काम करतात. रेडिओलहरी लांब असल्याने त्यांना तारांची जाळीही गुळगुळीत वाटते. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवरच्या परावर्तक तबकड्या सूर्याचा पाठलाग करत वाफ बनवतात आणि त्या वाफेवर भक्तांचं अन्न शिजतं.

पण डोळ्यांच्या बाबतीत विसाव्या शतकाने दिलेली सर्वांत मोठी देणगी आरशातून आली नाही, ती लढाऊ विमानाच्या घुमटातून आली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. १९४९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. सहकाऱ्यांनी बराच काळ विरोध केला. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत असं भिंग बसवणं नेहमीचं झालं आहे.

भिंग कारखान्यात बनतं. पारपटलाची गोष्ट वेगळी. इजा, जंतुसंसर्ग किंवा चुन्यासारख्या पदार्थांनी ते गढूळ झालं की बाकीचा डोळा शाबूत असूनही माणूस आंधळा होतो. १९०५ मध्ये एडुआर्ड त्सिर्म यांनी ओलोमोउट्समध्ये पहिलं यशस्वी पारपटलरोपण केलं, तेव्हापासून आजपर्यंत अशा बहुतेक रुग्णांचा आधार दुसऱ्या माणसाने मागे ठेवलेलं पारपटल हाच आहे. ते मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत काढावं लागतं. चष्मा असलेले, मधुमेही, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, म्हातारे, सगळे नेत्रदान करू शकतात. चेहरा विद्रूप होत नाही. घरच्यांनी एवढंच करायचं: पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोकं थोडं उंच ठेवायचं, पंखा बंद करायचा आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला फोन करायचा. मृत्यूनंतरचा निर्णय नातेवाईकांच्या हाती असतो, म्हणून या दिवाळीत घरची सगळी माणसं एकत्र असतानाच आपली इच्छा त्यांना सांगून ठेवा आणि नेत्रपेढीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये नोंदवा.