टमाटराला हरलेला चाकू

पिकलेल्या टमाटराच्या सालीत असा काय दम असतो? तरीही बाजारातून आणलेला नवाकोरा चाकू महिन्याभरात तिच्यावरून घसरायला लागतो. जोर दिला की साल कापली न जाता आधी दबते, मग फुटते, रस ओट्यावर सांडतो आणि फोडींऐवजी लगदा हाती येतो. गंमत अशी की पातं आणलं त्या दिवशीइतकंच चकचकीत असतं. त्याचा तुकडा पडलेला नसतो, त्यावर गंज चढलेला नसतो. गेलेली असते ती फक्त धार, आणि धार म्हणजे केसाच्या जाडीच्या साठ-सत्तराव्या हिश्श्याएवढी कड.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात दोन जातींची पाती विकायला असतात. एकीकडे ताडपत्रीवर मांडलेले लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठींचे चाकू. दुसरीकडे लोहाराचे विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि पावश्या; काळ्या, ओबडधोबड, हातोडीचे घाव अंगावर वागवणाऱ्या. यातला चाकू टमाटराला हरतो, आणि विळा मात्र सोयाबीनची वाळून कडक झालेली झाडं एकरामागून एकर कापत जातो. मधूनमधून दगडावर घासला की झालं. दोन्ही लोखंडच. मग फरक कुठे पडला? हे शोधायला निघालं की वाट थेट अणूंपर्यंत जाते आणि वाटेत तीन हजार वर्षांचा विदर्भ लागतो.

आधी कापण्याचा हिशेब बघू. चांगल्या धारेची कड साधारण एक मायक्रॉन जाड असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा चाकूवर फक्त एक किलोचा भार दिला आणि पात्याची पाच सेंटिमीटर लांबी सालीला टेकली. तो सगळा भार पाच सेंटिमीटर लांब आणि एक मायक्रॉन रुंद रेघेवर पडतो. दाब निघतो हवेच्या दाबाच्या सुमारे १,९०० पट! पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत, जवळजवळ ११ किलोमीटर पाण्याखाली, दाब असतो १,१०० पटींच्या आतबाहेर. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्रतळापेक्षा जास्त दाब मारेगावच्या स्वयंपाकघरात भाजी चिरताना रोज तयार होतो, तोही मनगटाच्या हलक्या जोराने. कड झिजून दहा मायक्रॉनची झाली की तोच दाब दहा पटींनी उतरतो. टमाटर वाचतं ते त्यामुळे.

पण दाब एकतर्फी नसतो. पातं सालीला जेवढं रेटतं तेवढीच साल पात्याला रेटते. एवढ्या बारीक कडेला तो रेटा सोसावा लागतो. कड मऊ असेल तर ती तुटत नाही, एका अंगाला वळते. बोथट झालेल्या चाकूच्या पात्यावरून अंगठ्याचं नख कडेच्या दिशेने हलकेच ओढून बघा. बहुतेक वेळा एका बाजूने ते सरळ निसटतं, दुसऱ्या बाजूने किंचित खरखरतं. ती खरखर म्हणजे वळलेली धार. ती पात्यावरच असते, पण तोंड फिरवून बसलेली असते.

कडक पोलादही यातून सुटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाढीच्या पात्यांवर केस कापताना सूक्ष्मदर्शकातून पाहणी केली. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी ठरावीक कोनात वाकलेला केस पात्याच्या कडेचा कण उडवतो, आणि तोही पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते अशाच जागी. म्हणजे धारेचं भवितव्य पात्याच्या आतल्या रचनेत ठरतं. ती रचना कोण घडवतं? लोहार, आणि तीही काही क्षणांत.

शुद्ध लोखंड मऊ असतं. त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते वाकतं. त्यात अर्धा ते एक टक्का कार्बन मिसळला की त्याचं पोलाद होतं. गावच्या लोहाराला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रकच्या भंगारात निघालेला कमानीचा पाटा त्याला पुरतो. ट्रकचा भार झेलणाऱ्या या पाट्यांच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. वणीच्या खाणींतून कोळसा वाहणाऱ्या ट्रकांच्या या पट्ट्यात असल्या भंगाराला काय तोटा?

आता भट्टीजवळ जरा थांबा. भाता चालू आहे, पाट्यातून घडवलेलं विळ्याचं पातं निखाऱ्यांत लाल होतंय. लोहार रंगावर नजर ठेवून असतो. गडद लाल, मग चेरीसारखा लाल. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास एक अदृश्य गोष्ट घडते: लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याच सुमाराला आत अणू आपली मांडणी बदलतात आणि नव्या मांडणीत कार्बनच्या अणूंना बसायला ऐसपैस जागा मिळते. पातं जरा आणखी तापू देऊन लोहार ते सांडशीत धरतो आणि त्याची फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो. चर्रकन आवाज येतो, वाफ उठते. पाणी दिलं!

त्या क्षणी लोखंडाचे अणू जुन्या मांडणीकडे परतायला बघतात, पण कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो. वणीहून मारेगावला येणाऱ्या गच्च भरलेल्या एसटीत मधल्या वाटेत पोती ठेवल्यावर कुणाला पुढे-मागे सरकता येत नाही, तशी अणूंच्या थरांची गत होते. सरकता येत नाही म्हणजे वाकता येत नाही, आणि वाकता येत नाही यालाच आपण कडकपणा म्हणतो. या ताणलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. लोखंड आणि निकेलच्या एका मिश्रधातूत ती सेकंदाला एक किलोमीटरहून जास्त वेगाने पसरताना मोजली गेली आहे. धारेला जन्माला यायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही.

पण नुसतं पाणी दिलेलं पातं इतकं ठिसूळ असतं की दगडावर पडलं तर तडकावं. म्हणून लोहार ते चटकन बाहेर काढतो, कडेची काळी खपली घासून चकचकीत करतो आणि वाट बघतो. पात्याच्या पाठीत धग शिल्लक असते, ती हळूहळू धारेकडे सरकते. चकचकीत कडेवर आधी फिकट सोनेरी छटा येते, मग तपकिरी, जांभळी, आणि शेवटी निळी. हा रंग वरून लावलेला नाही. लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तो जसा जाड होतो तशा त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या काही लहरी एकमेकींना मारतात, काही उरतात. फिकट सोनेरी म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या. थर्मामीटर नसलेला माणूस प्रकाशाच्या लहरींवरून तापमान वाचतो! हवा तो रंग धारेला पोचला की अख्खं पातं पाण्यात. ठिसूळपणा उतरलेला असतो, कडकपणा बराचसा राहिलेला असतो.

ही विद्या इथल्या मातीत केव्हापासून आहे? यवतमाळ जिल्ह्यातच बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष आणि लोखंडी वस्तू सापडल्या. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या निघाल्या. त्यातल्या एका छिन्नीची अंतर्रचना तपासली तर ती पोलादाची निघाली. लोखंड आणि पोलाद यांतला फरक त्या लोकांच्या हाताला कळत होता.

मारेगावहून करंजीला जाऊन हैदराबादचा महामार्ग धरला, की पांढरकवडा आणि आदिलाबाद मागे टाकत निर्मल येतं. निर्मल आणि त्याच्या पलीकडचं निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम ही एकेकाळी जगातल्या सर्वोत्तम पोलादाची गावं होती. लोखंडाचे तुकडे वनस्पतींच्या काड्या-पानांबरोबर मातीच्या मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवायचे, की लोखंड कार्बन शोषत वितळायचं. मग मूस सावकाश थंड होऊ द्यायची. हे वूट्झ पोलाद विकत घ्यायला इराणी व्यापारी कोनासमुद्रमपर्यंत येत, आणि प्रसिद्ध दमास्कस तलवारी असल्याच हिंदुस्थानी पोलादाच्या घडत. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट या चाकू बनवणाऱ्या कारागिराने त्याची पाती घडवली आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. पुढे या स्टोडार्टबरोबर वूट्झचं रहस्य शोधत बसलेला तरुण शास्त्रज्ञ कोण होता? मायकेल फॅरडे, स्वतः लोहाराचा मुलगा. उत्तराचा एक तुकडा तर २००६ मध्ये हाती आला: ड्रेस्डेनच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्या.

मग एवढा वारसा असताना चकचकीत चाकू असा का निघतो? त्याची गोष्ट इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये सुरू होते. तिथला धातुशास्त्रज्ञ हॅरी ब्रेअर्ली १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होता. सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं त्याचं पोलाद गंजायचं नाव घेईना. हे तर जेवणाच्या सुऱ्यांसाठीच जन्मलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. पण शेफील्डच्या कारागिरांनी ते नेहमीच्या पद्धतीने तापवलं, पाणी दिलं, आणि सुऱ्या निकामी निघाल्या. या पोलादाला जास्त आणि नेमकी उष्णता लागते, हे कळेपर्यंत न कापणारे चाकू शोधून काढणारा माणूस म्हणून ब्रेअर्लीची टिंगल होत राहिली, असं सांगतात. पोलाद तेच होतं. त्याला आग आणि पाणी कसं द्यायचं, तेवढं शिकायचं राहिलं होतं.

आजच्या स्वस्त चाकूची अडचण त्याहून मोठी असू शकते. ताट-वाट्यांच्या स्टेनलेस पत्र्यात क्रोमियमबरोबर निकेल किंवा मँगेनीज असतं आणि कार्बन अगदी थोडा. त्याची अणूंची मांडणी पाण्यात बुडवली तरी बदलतच नाही. असल्या पत्र्यातून कापलेल्या पात्याला कुठल्याही लोहाराने कितीही पाणी दिलं तरी ते कडक होणार नाही. ताटाला तो गुणच आहे, चाकूला तो शाप. धार लावून आणलेला असला चाकू पहिल्या दिवशी झकास कापतो, कारण कड तर बारीकच असते. ती टिकवायला आत कुणी अडकलेलं नसतं.

हे ओळखायच्या खुणा बाजारातच मिळतात. पहिली, लोहचुंबक. तो पात्याला नीट चिकटला नाही तर पत्रा ताटाचा समजा आणि पुढे चला. चिकटला म्हणून मात्र खात्री नाही, कारण साधं मऊ लोखंडही चुंबकाला चिकटतं. दुसरी खूण, कानस. नीट पाणी दिलेल्या धारेवर कानस घसरते. मऊ धारेत ती रुतते आणि किस काढते. तिसरी सगळ्यांत देखणी. सायकलला सहाण जोडून धार लावणारा आला की ठिणग्यांकडे बघा. विळ्याच्या पात्यातून उडालेली ठिणगी थोडं अंतर जाऊन फुटते, तिला फांद्या फुटतात. हवेत जळणाऱ्या त्या कणातला कार्बन वायू होऊन त्याला आतून फोडतो. मऊ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ जाऊन विझते. ताटाच्या स्टेनलेसची ठिणगी तोकडी, लालसर आणि जवळजवळ न फुटणारी. कोणत्या पात्यात किती कार्बन आहे, हे भर रस्त्यात प्रकाशाने लिहून दाखवलं जात असतं.

चांगलं पातं मिळालं तरी ते घालवायला वेळ लागत नाही. सहाणेवर जोराने दाबून धरलं आणि कड निळी पडली, तर लोहाराने मोजून थांबवलेली उष्णता पुढे सरकली आणि धार मऊ झाली. म्हणून घासताना पातं पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवायचं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरलं तर एक मायक्रॉनची कड थेट दगडाशी, नाहीतर धातूशी भिडते. लाकडी पाट हवा. आणि बोथट चाकू सुरक्षित असतो, हा समज काढून टाका. तो जास्त जोर मागतो, जोर दिला की घसरतो, आणि बोट कापतं.

चाकू घ्यायचा झाल्यास मुठीचा रंग शेवटी बघा, आधी खिशातून लोहचुंबक काढा. कार्बनचं काळं पातं पसंत पडलं तर वापरल्यावर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची तयारी असू द्या, कारण ते गंजतं. उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैरी चिरायला बसाल तेव्हा मात्र ब्रेअर्लीचे उपकार आठवतील: काळ्या पावशीचं लोखंड कैरीच्या आंबट-तुरट रसाशी जुळून फोडींवर काळे डाग पाडतं. तिथे नीट आग-पाणी मिळालेल्या स्टेनलेसलाच मान द्यावा लागतो.