साडेबाराचा रस्ता

लालबाग-परळमधल्या दोन अधिवेशनांच्या मराठी शाळांबाहेर सर्वांत मोठी गर्दी सकाळी नऊला नसते आणि संध्याकाळी सहालाही नसते. ती असते दुपारी सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान. सकाळची शाळा सुटते, दुपारची भरायची असते आणि अर्धा तास एकाच फाटकातून दोन शाळा ये-जा करतात. बाहेर पडणारी मुलं, आत शिरणारी मुलं, धाकट्यांना न्यायला आलेल्या आज्या, स्कूटर चालू ठेवून उभे असलेले बाबा, दाराशी लागलेल्या बस, शेजारी बोरं-चिंचांची पाटी. वाहतुकीची मोजणी मात्र ऑफिसच्या वेळा धरून होते. त्यामुळे ज्या अर्ध्या तासात या रस्त्यावर सर्वांत जास्त लहान माणसं असतात, तो अर्धा तास तक्त्यात येतच नाही.

हा अर्धा तास मोजण्यासाठी आम्ही काही जण एकत्र आलो आहोत. त्यात पालक आहेत, वास्तुशास्त्र शिकणारी मुलं-मुली आहेत, शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. सामान साधंच: लांब टेप, पांढरा खडू, दाबलं की आकडा पुढे सरकतो ते मोजणीयंत्र, पुठ्ठ्याला चिमटा लावलेले कागद. मुलांबरोबर घरापासून शाळेपर्यंत चालायचं, त्यांच्या वेगानं, आणि वाटेत काय होतं ते लिहायचं.

पहिलं मोजमाप फुटपाथचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. फुटपाथ अडीच मीटरचा बांधलेला असला, तरी त्यातून झाडाचं आळं, विजेची पेटी, दिव्याचा खांब, दुकानाची पायरी आणि दोन बाइक वजा करायच्या असतात. लालबागच्या मसाला गल्लीकडून येणाऱ्या एका वाटेवर अशी वजाबाकी करत गेलो, तेव्हा सर्वांत अरुंद जागी विजेची पेटी आणि दुकानाची पायरी यांच्यात ६० सेंटिमीटर उरले. मोठा माणूस आडवा होऊन जातो. पाठीवर दप्तर असलेलं मूल आडवंही होऊ शकत नाही, कारण दप्तरामुळे त्याची जाडी जवळजवळ दुप्पट होते. ते फुटपाथवरून खाली उतरतं.

जिथे मूल रस्त्यावर उतरतं तिथे आम्ही खडूनं गोल काढतो, जिथे ते पुन्हा वर चढतं तिथे फुली. अर्ध्या तासानंतर रस्त्याकडे पाहिलं की सगळं समोर असतं. गोल भराभर एकाच ठिकाणी पडतात. मग प्रत्येक गोलाचं कारण शोधायचं. इथे भाजीचा टेम्पो मागून लावलेला असतो. इथे पेव्हर ब्लॉक निघालेत आणि मुलं ठेचकाळतात. इथे कडा इतकी उंच आहे की पहिलीतल्या मुलाला गुडघा वर घेऊन चढावं लागतं, म्हणून ते चढतच नाही आणि पुढचा सगळा पट्टा रस्त्यावरून चालतं. फुटपाथची कडा १५ सेंटिमीटरहून उंच नसावी असं त्याच नियमावलीत आहे. पण रस्त्याची डागडुजी, फुटपाथची डागडुजी आणि गटाराचं काम वेगवेगळ्या वर्षी होतं, आणि उंची ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे ठरते.

दुसरं मोजमाप डोळ्याच्या उंचीचं. फोन जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत धरून तीच वाट चित्रित केली की वेगळाच रस्ता दिसतो. मोठ्यांना गाडीच्या टपावरून पलीकडचं दिसतं, सात वर्षांच्या मुलाला गाडीचं दार दिसतं. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून ते डोकं बाहेर काढतं तेव्हा त्याचा पाय रस्त्यावर पडलेला असतो. ‘नीट बघून चाल’ हे आपण त्याला रोज बजावतो, पण बघायला जागा कुठे ठेवली आहे? आणि नुसतं दिसून भागत नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी साधारण पंधरा वर्षांपूर्वी दाखवून दिलं की ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगानं गाडी जवळ येते आहे हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीनं ओळखता येत नाही. लांबून येणारी वस्तू मोठी होत जाते, त्यावरून तिचा वेग ताडण्याची नजर त्या वयात पुरती तयार झालेली नसते. मूल बेसावध असतं असं नाही. ते बघतं आणि तरीही चुकतं. म्हणून शाळेजवळ वेग ३० च्या आत हवा.

तिसरं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मुलांना कागद देऊन घर ते शाळा वाट काढायला सांगायची. मोठ्यांच्या नकाशात रस्त्यांची नावं येतात. मुलांच्या नकाशात कुत्रा येतो, गटाराचं हलणारं झाकण येतं, पाण्याचा टँकर मागे घेतात ती जागा येते. गिरगावात सहावीतल्या एका मुलीनं शाळेची वाट सरळ रस्त्यानं न दाखवता वळणं घेत वाड्यांच्या आतून काढली होती. अंतर जवळजवळ दीडपट.

‘‘अगं, हे लांब नाही का पडत?’’ बाईंनी विचारलं.

‘‘पडतं ना बाई. पण आतून गाड्या नाहीत. आणि त्या कोपऱ्यावर ते लोक उभे असतात, तिथून मला जायचं नसतं.’’

तिच्या कागदावर त्या कोपऱ्याला लाल रंग दिला होता. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींनी तोच कोपरा रंगवलेला निघाला, मुलग्यांपैकी कुणीच नाही. टेप आणि मोजणीयंत्र घेऊन कितीही उभे राहिलो असतो, तरी हे आम्हाला कळलं नसतं. गिरगावातल्या वाड्या हे या भागातल्या मुलांचं मोठं भाग्य आहे. गाडी आत शिरत नाही, शिरली तर वळत नाही, आणि वरच्या गॅलरीतून कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. मेट्रो-३ च्या कामाचे पत्रे जगन्नाथ शंकरशेट मार्गावर वर्षानुवर्षं उभे होते, तेव्हाही मुलांनी आतल्या वाटा धरल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली, गिरगाव स्थानक उघडलं. आता बाहेरचा रस्ता रुंद झाल्यासारखा वाटतो, आणि गाड्यांचा वेगही वाढला आहे.

जगभर या विषयाचा अभ्यास सुरू होतो तो मुलांना पुन्हा चालायला कसं लावावं या प्रश्नापासून. आपला प्रश्न तो नाही. मुंबईच्या मूळ बेटावर रिक्षा येत नाही, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि इथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या चालतच शाळेत गेली. २००८ साली पूर्ण झालेल्या एमएमआरडीएच्या वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचं दिसलं. युरोपातल्या कोणत्याही शहराला हेवा वाटावा असा हा आकडा आहे. मला त्याचीच भीती वाटते. किती मुलं चालतात एवढंच विचारलं तर आपण पहिल्या नंबरानं पास होतो, आणि ती कशी चालतात हे विचारायचं राहून जातं.

उलट बाजूही पाहावी लागते. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० सालचा इंग्लंडमधला अभ्यास या क्षेत्रात आजही वाचला जातो. सात-आठ वर्षांची जी मुलं एकटी शाळेत जात, त्यांचं प्रमाण १९७१ मध्ये ८० टक्के होतं. १९९० मध्ये ते ९ टक्क्यांवर आलं. त्याच काळात मुलांचे अपघाती मृत्यू घटले, आणि रस्ते सुरक्षित झाले असं सरकार सांगू लागलं. हिलमन यांनी दाखवलं की रस्ते अधिक धोक्याचे झाले म्हणून आईबापांनी मुलं रस्त्यावरून काढून घेतली होती. आपल्याकडे ही प्रक्रिया सुरू झालेली मला दिसते. चाळीच्या जागी टॉवर येतो, तळाचे मजले गाड्यांचे होतात, आणि नव्या घरातलं मूल लांबच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतं. जवळच्या मराठी शाळेचा पट आटतो. जी मुलं उरतात, ती त्या टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांसमोरून चालत जातात. अपघात झाला नाही म्हणजे वाट चांगली, असं या मुलांच्या बाबतीत म्हणायला माझं मन धजत नाही.

शाळा जवळ असली म्हणजे वाट सोपी असते असंही नाही, हे आंबेडकर रस्त्यावर उघड दिसतं. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. लालबागमध्ये ती पाचशे मीटरवरही असते, पण मध्ये उड्डाणपुलाखालचा हा रस्ता असतो. सिग्नलचा हिशेब सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरून करतात. २४ मीटर रस्ता असेल तर २० सेकंद. गुडघे दुखणारी आजी एका हातात नातवाचं दप्तर, दुसऱ्या हातात नातू धरून सेकंदाला ०.८ मीटर चालते, म्हणजे तिला ३० सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद ती दुभाजकावर किंवा सुरू झालेल्या गाड्यांमध्ये असते.

चांगला रस्ता कसा असतो हे पाहायला परदेशी जायला नको. दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत आणि पाच उद्यानांच्या बाजूला दुपारी फिरावं. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं हा दादर-माटुंग्याचा भाग आखला. अरुंद गल्ल्या, मोठी झाडं, चालण्याजोगे फुटपाथ. शाळा सुटली की मुलं दोघं-तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत जातात. शेजारी शेजारी तिघांना चालता येणं, ही माझी रस्त्याची परीक्षा आहे. लालबागच्या वाटेवर मुलं एकामागे एक चालतात आणि ओरडून बोलतात.

आणि झालेला रस्ता बदलताही येतो. भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर काही वर्षांपूर्वी महापालिका, वाहतूक पोलीस आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट इंडिया यांनी शाळांसमोर सुरक्षित शालेय क्षेत्राचा प्रयोग केला. आधी रंग आणि खांब लावून रस्त्याचाच एक पट्टा चालण्यासाठी मोकळा केला, ओलांडायच्या जागा ठळक केल्या. सिमेंट ओतण्याआधी रंगानं करून पाहायचं, चुकलं तर पुसायचं, ही रीत मला फार पटते.

निर्णय मात्र बहुतेक वेळा या वाटेकडे न पाहता होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश निघाला. मुलांना झोप मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण चर्चा झोपेची झाली, आणि सर्वांत लहान मुलं ऑफिसच्या गर्दीत बाहेर पडू लागतील याची फारशी झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा सव्वाशे वर्षांचा पूल पाडण्यासाठी बंद झाला. गाड्यांचे पर्यायी मार्ग ठळकपणे जाहीर झाले, आणि तो भार टिळक पूल आणि करी रोडच्या पुलावर गेला. त्या पुलांवरून शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट त्या दिवसापासून बदलली, आणि त्यांच्यासाठी कोणती सूचना निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या मोजणीतून निघालेल्या मागण्या लहान आहेत. एका शाळेत मुख्याध्यापकांनी दोन अधिवेशनांमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवून पाहिलं. फाटकातली धक्काबुक्की थांबली, आणि वाट पाहणाऱ्या आज्यांना भिंतीलगत उभं राहायला जागा झाली. व्हॅनवाल्या काकांनी गाडी फाटकापासून पन्नास पावलं पुढे लावायचं कबूल केलं, कारण खडूचे गोल त्यांनी स्वतः पाहिले होते. विजेची पेटी हलवणं, कडा उतरवणं, सिग्नलचे सेकंद वाढवणं हे आमच्या हातात नाही. त्याची मोजमापं फोटोंसह अर्जात गेली आहेत. पहिली मागणी सर्वांत सोपी आहे: वाहतुकीची पुढची मोजणी या रस्त्यांवर दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळेतही व्हावी, आणि तिच्या तक्त्यात बारा वर्षांखालच्या मुलांचा वेगळा रकाना असावा. जूनमध्ये हिंदमाताच्या बाजूला पाणी भरलं की फुटपाथची कडा दिसेनाशी होते आणि मुलं दुभाजकाच्या कडेनं चालतात. ते गोल खडूनं काढता येणार नाहीत, म्हणून त्या दिवसांसाठी वरच्या मजल्यावरून चित्रित करायची परवानगी दोन इमारतींकडे मागितली आहे. एकीनं दिली आहे.